आमच्या घरमालकांची कोठी

अख्ख्या म्हैसुरात कुणाचं काहीही हरवलं तरी ते आमच्या घरमालकांच्या कोठीत सापडतं, आणि घरमालकांचं स्वतःचं काही हरवलं तर ते कोठीतच हरवलेलं असतं. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते आहे, कारण अग्रहारातल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहते आणि त्यातला निम्मा काळ खाली त्यांच्या कोठीपुढे मांडी घालून काढला आहे. कोठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे धान्याच्या कणग्या आल्या असतील तर त्या बाजूला सारा. ही कोठी म्हणजे देवघरालगतच्या कोनाड्यात ठेवलेला एक म्हातारा कंप्युटर. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. सगळ्या घरादाराच्या फायली पोटात धरून तो नुसता घुं घुं करत बसतो. लग्नांचे फोटो, नातवंडांच्या गुणपत्रिका, गल्लीतल्या निम्म्या लोकांची आधारकार्डं, सगळं त्यात. घरमालक, म्हणजे आमचे काका, स्वतः हॉलमधल्या टेबलावरच्या दुसऱ्या कंप्युटरवर बसतात. तिथे ‘कोठी’ नावाचं एक फोल्डर आहे. या फोल्डरला कोनाड्यातली कोठी जोडून दिली की इथे बसून तिथल्या फायली दिसतात. या जोडून देण्याला माउंट करणं म्हणतात, आणि ते झालं नाही की जिन्याखालून हाक येते, “अम्मा, स्वल्प खाली येतेस काय? कोठी परत रुसली, नोडम्मा, बघ गं!”

मी सांगलीची. ऑफिसात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, एवढं ऐकूनच काकांनी मला घर दिलं असावं असा माझा दाट संशय आहे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. काकांनी देवराज मोहल्ल्यात शिंप्यांना अस्तर-बटणं पुरवायचं दुकान चालवलं आणि ते मुलाच्या हवाली करून कंप्युटरच्या मागे लागले. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड कधी येऊन बसते ते त्यांनाही कळत नाही. जेवणाला ते ऊट म्हणतात आणि “ऊट झालं?” हे विचारल्याशिवाय कुठलीही तक्रार सुरू करत नाहीत. माउंट न झाल्याच्या दुःखात रडवेला झालेला माणूस आधी माझ्या जेवणाची चौकशी करतो. मला याचं पहिल्यांदा हसू यायचं, आता माझं जेवण झालेलं नसेल तर मी खाली जाताना घाबरते, कारण मग कोठी राहते बाजूला आणि पुढ्यात बिसिबेळे भाताचं ताट येतं.

पूर्वी त्यांच्याकडेही लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम नव्हती, विकतची होती. एक दिवस तिने पडद्यावर पाटी लावली की नवी आवृत्ती विकत घ्या. काका असे भडकले म्हणून सांगू! “माझ्या घरात राहतंय, माझं करंट खातंय, मत्ते वर मलाच भाडं मागतंय! असला भाडेकरू ठेवतात काय कोणी?” त्याच दिवशी तिची गच्छंती झाली आणि लिनक्स आलं. लिनक्समधलं त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल तर मालकी. इथे प्रत्येक फाईल कुणाच्या ना कुणाच्या नावावर असते, हे कळल्यावर त्यांनी दिसेल ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. ‘कोठी’ हे फोल्डर खरं तर नुसती मोकळी जागा, जिच्यावर कोठी जोडायची. ते सिस्टीमच्या नावावरच राहू द्यावं, असं मी शंभरदा सांगितलं. पण छे! “रिकामी असली तरी जागा आहे की नाही? मग ती माझ्या नावावर पाहिजे.” घरमालकाशी कोण वाद घालणार? दिली करून.

मग ‘श्री’चं प्रकरण. माउंट कुठून कुठे करायचं ते एका फाईलमध्ये लिहून ठेवावं लागतं. मी ते व्यवस्थित लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कंप्युटर कुरकुरायला लागला की पहिली ओळ कळत नाही. उघडून बघते तर सगळ्यात वर टपोऱ्या अक्षरात ‘श्री’. दुकानात जन्म गेला, कोरा कागद ‘श्री’शिवाय सुरू करायचा नाही ही सवय, आणि काकांच्या लेखी ही फाईल म्हणजे कोरा कागदच. मी म्हटलं, काका, मशीनला नाही कळत हो ‘श्री’. ते इतके उतरले की मलाच वाईट वाटलं. शेवटी ‘श्री’च्या आधी एक हॅशची खूण घातली आणि सांगितलं की आता मशीन या ओळीकडे बघणारच नाही. काका खूश. “सरी, ठीक आहे, मशीन बघायला कशाला पाहिजे? ज्यानं बघायचं तो बघतो.” तेव्हापासून त्या फाईलकडे बघताना माझाही हात नकळत छातीशी जातो.

कोठी रुसली की काय करायचं, याची त्यांची स्वतःची एक पद्धत आहे, आणि खरं सांगते, आमच्या ऑफिसातल्या पद्धतीपेक्षा ती लक्षात ठेवायला सोपी. एखाद्याच्या घरी आपण कसे जातो? आधी बाहेरून हाक मारायची. ओ आली तर माणूस घरात आहे. मग दार उघडं आहे का बघायचं. मग आपण कोण ते सांगायचं. मग आत कुठे बसायचं ते विचारायचं. या क्रमाने काका एकेक कमांड देतात आणि प्रत्येक उत्तर मनाला लावून घेतात. हाकेला ओ आली नाही की “यजमान आडवे झालेत” म्हणून कोनाड्याकडे धावतात. परवानगी नाही असं उत्तर आलं की मात्र त्यांचा चेहरा बघवत नाही. “मला? माझ्याच घरात? मला नाही म्हणतोय?” एकदा तर त्यांनी कोठीला भाड्याची आठवण करून देण्याची धमकीही दिली होती. आणि टेबलावरचा कंप्युटर सुरू होताना कोठी बंद असेल तर तो तिची वाट बघत ताटकळत राहायचा. सुरुवातीला त्यांना ते आवडायचं. मोठ्या माणसासाठी थांबायलाच हवं, म्हणायचे. पण स्वभाव उतावळा! कुठल्याशा फोरमवर वाचून त्यांनी स्वतःच फाईलमध्ये एक शब्द घुसडला, की कोठी नसली तरी अडून बसू नकोस, पुढे हो. तो शब्द त्यांना चांगलाच महागात पडणार होता.

आता या घरातली खरी मोठी व्यक्ती म्हणजे काका नव्हेत, अक्का. काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे काकांना तिनेच वाढवलं, आणि वाढवताना जे रागवायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही. वरुणा गावाकडच्या एका खेड्यात मुलाजवळ राहते, म्हशींना आणि माणसांना एकाच पट्टीत हाका मारते. काकांचं नाव तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. ती त्यांना ‘दड्डा’ म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये मठ्ठ. सत्तरीचा माणूस, दोन कंप्युटरांचा मालक, पण अक्काने “ए दड्डा!” म्हटलं की “आलो, आलो” करत चप्पल न घालता अंगणात.

गेल्या दसऱ्याआधी अक्काच्या घशात गाठ निघाली. दसरा संपला की लगेच ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहणार नाही. कदाचित राहणारच नाही. काका ते ऐकून आले आणि जिन्यावर बसून राहिले. त्यांनी कोठीचं नावही काढलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. मग आयुधपूजेच्या दिवशी अक्का आली, तर हे फोनवर रेकॉर्डिंग लावून तिच्यापुढे बसले. म्हणाले, बोल. काहीपण बोल. मी थट्टेने विचारलं, आज तर सगळ्या हत्यारांना सुट्टी ना, मग फोन कसा चालतो? “फोन हत्यार नव्हे अम्मा, उपद्रव आहे,” काका म्हणाले.

त्या दिवशी इथे ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. रिक्षांना केळीचे खांब, शिलाई मशीनला हळदकुंकू, आणि आमच्याकडे कोठीला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार, चुरमुऱ्यांचा नैवेद्य आणि कोनाड्याबाहेर कुंकू भरलेला कोहळा. पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी हार उतरवूनच कामाला घ्यायचं, आणि या घरात हार उतरवायचा मान अक्काचा. पण दुसऱ्या दिवशी अक्का कुठे? घशात गाठ घेऊन, पहाटेच पाण्याची बाटली आणि चटई काखेत मारून दसऱ्याच्या सवारीचे हत्ती बघायला रस्त्यावर जागा धरायला गेलेली! कोठी आपली हार घालून गप्प. इकडे काकांच्या जिवाला चैन नाही, कारण फोनची जागा संपत आली होती. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातांनी आणि कमळांनी तो तुडुंब भरलेला. टेबलावरच्या कंप्युटरला हार नव्हता, नुसतं फूल होतं. फूल आपलं आपण काढलं तर चालतं, असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला. कंप्युटर सुरू केला, अक्काचं रेकॉर्डिंग ‘कोठी’ फोल्डरात टाकलं, तिथे नीट दिसतंय ना ते बघितलं आणि फोनमधलं पुसून टाकलं. संध्याकाळी अक्का आली, हत्तींची खुशाली सांगत तिने हार उतरवला, कोठी सुरू झाली, टेबलावरचा कंप्युटर बंद करून परत लावला, सगळं गुण्यागोविंदाने जोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी अक्का दवाखान्यात गेली. ऑपरेशन चांगलं झालं. आवाज मात्र गेला तो गेला.

काका माझ्या दाराशी आले ते ऊट न विचारता आले. “कोठीनं अक्काला खाल्लं,” एवढंच म्हणाले. मी खाली गेले. रेकॉर्डिंग नाही. सगळी कोठी उलटीपालटी केली; चुलत पुतण्याच्या मुंजीचे फोटो सहा फोल्डरांत सापडले, अक्का कुठेच नाही. काका खुर्चीत आक्रसून बसले होते. “हार उतरायच्या आधी मी हात लावला. त्याची शिक्षा आहे. एन माडोदु? काय करू? आता तिला परत बोल म्हणून कसं सांगू?” आणि हा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. पण मीही रडत बसले तर तपासायचं काम कसलं करते? म्हटलं, काका, डोळे पुसा आणि क्रमाने सांगा. फाईल टाकली तेव्हा कोठी सुरू होती?

“नाही की. हार होता ना.”

“मग फाईल कुठे टाकलीत?”

“कोठीत.”

“बंद असलेल्या कोठीत?”

मला खरं तर नाचावंसं वाटत होतं. अहो, कोठी जोडलेलीच नव्हती, तर फाईल त्या मोकळ्या जागेवरच पडली. जागा काकांच्या नावावर, त्यामुळे कुणी अडवलं नाही. कंप्युटर कोठीसाठी थांबला असता तर त्यांनाही संशय आला असता, पण तो शब्द घालून ठेवलेला, त्यामुळे तोही गप्प. संध्याकाळी कोठी आली आणि त्याच जागेवर पसरली. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूवर सतरंजी घातली तर वस्तू जाते कुठे? खालीच असते. मी म्हटलं, काका, सतरंजी काढा.

त्यांनी कमांड दिली. कंप्युटर म्हणाला, जमणार नाही, आत कुणीतरी आहे. काका परत पांढरेफटक. “आत कोण?”

“तुम्ही!” मी ओरडलेच. “कोठीची खिडकी उघडी ठेवून बसलात ना शोधत! आधी बाहेर या.”

खिडकी बंद केली. परत कमांड दिली. या वेळी तक्रार नाही. फोल्डर उघडलं, तर एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत एकच फाईल. काकांनी ती लावली, आणि हॉलभर म्हशींना हाक मारायचा तो आवाज घुमला, “ए दड्डा, फोन काय माझ्या तोंडात घालतोस? दूर धर! काय बोलू? ऊट केलास काय सकाळपासून? नुसता त्या डबड्याला हार घालत बसतोस...” आणि असं अखंड, शेवटपर्यंत. आशीर्वाद नाही, आठवणी नाहीत, काही नाही, नुसतं रागावणं. काका हसत होते आणि रडत होते, आणि मध्येच अंगवळणी पडल्यासारखे म्हणाले, “केलं अक्का, केलं ऊट.”

फाईलची एक प्रत मी कोठीत ठेवली, पण मूळ फाईल हलवायला त्यांनी साफ नकार दिला. ती तिथेच आहे, सतरंजीखाली. संध्याकाळी कधीतरी काका कोठी बाजूला काढतात, आणि माडीवर मला अक्काचं रागावणं ऐकू येतं.

यंदाच्या दसऱ्याला अक्का आली. गळ्याभोवती पदर, आवाज म्हणजे नुसती हवा. आयुधपूजेनंतरच्या सकाळी मी मुद्दाम खाली गेले. काका आंघोळ करून कोनाड्याशी उभे होते. टेबलावरचा कंप्युटर बंद होता, त्यावरचं फूलसुद्धा जागच्या जागी. फाईलमधला तो शब्द तर त्यांनी केव्हाच काढून टाकलाय, त्यामुळे कंप्युटर आता परत कोठीसाठी ताटकळतो. अक्का आरामात उठली, आरामात चूळ भरली, हाराची गाठ सोडायला तर तिने एवढा वेळ घेतला की एरवी काकांनी कात्री आणली असती. ते हात बांधून उभे होते. हार उतरवून तिने भावाकडे बघितलं आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाली. मला काहीच ऐकू आलं नाही.

“काय म्हणाल्या?” मी हळूच विचारलं.

“दड्डा म्हणाली,” काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा नुसता फुलला होता. मग त्यांनी वाकून कोठीचं बटण दाबलं.