वांग्याचा आजार

त्या वर्षी आमच्या गावच्या बायकांची चाल बदलली. पाय फाकवून चालायच्या, पावलं घासत. बांधाच्या वळणावर मध्येच थांबायच्या आणि ओठ घट्ट मिटून उभ्या राहायच्या. पुरुषांना वाटे, भुकेने अशक्तपणा आलाय. ते खोटंही नव्हतं. गावच्या सामाईक भटारखान्यातून जी पेज मिळायची तिच्यात शितं शोधावी लागत, आणि घरोघरच्या कढया तर सरकारच्या पोलादभट्टीत वितळवायला कधीच गेल्या होत्या. पण पुरुष तसे चालत नव्हते. मला दिवस गेलेले होते. त्या चालीकडे मी बघतच राहायची.

चिउलियान माझी मोठी जाऊ. आमच्या हुनान प्रांताच्या डोंगरात वर, चहाच्या मळ्यांकडे तिचं माहेर होतं. खांद्यावरच्या कावडीत शेणखताच्या दोन टोपल्या घेऊन ती उताराने पळत यायची, आणि वाटेत जो भेटेल त्याला टोमणा मारल्याशिवाय पुढे जायची नाही. वसंतात तिला मुलगी झाली. ती जगली नाही. आमच्या कामाच्या तुकडीचा नायक खुआंग दारात येऊन म्हणाला, "मूल नाही, तर बाळंतीण कसली? लावणी सुरू झालीय." अंगावरून जात होतं तशीच ती गुडघाभर गार चिखलात उतरली.

मला कळलं ते तळ्यावर. आम्ही दोघी कपडे धूत होतो. ती उकिडवी बसली आणि एकदम पांढरीफटक पडली.

"ताई, काय होतंय?"

"मला वांगं लागलंय," ती म्हणाली. "चांगलं जांभळं. भटारखान्यात देऊन येऊ का? तेवढीच भाजी होईल."

ती हसली. मी हसले नाही. बायका आपसांत त्याला वांग्याचा आजार म्हणत, हे मी ऐकून होते. अंग बाहेर येतं आणि मग आत राहत नाही. पण तो आपल्या घरात येईल असं मला वाटलं नव्हतं.

सासूबाई आधी चिडल्या. "कुणापुढे बोलू नकोस. नवरा खाणीवरून घरी आला तरी त्याच्यापुढेही नाही." मग दुसऱ्या दिवशी त्याच तिला ओउयांग वैद्यांकडे घेऊन गेल्या. मीही गेले.

वैद्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "शरीरात एक शक्ती असते पोरी. सगळं उचलून जागच्या जागी धरते. ती अन्नातून येते. तुझी खाली बसलीय. वर चढवायला मुळांचा काढा देतो. पण त्याच्या जोडीला म्हाताऱ्या कोंबडीचा रस्सा पाहिजे, आणि पडून राहणं पाहिजे."

"कोंबडी!" सासूबाई म्हणाल्या. "वैद्यबुवा, आम्हाला एखादं पीस तरी दाखवा, आठवण म्हणून."

वैद्य हसले नाहीत. त्यांनी नागदवण्याच्या सुक्या पानांची जाड वात वळली, पेटवली आणि तिचा निखारा चिउलियानच्या टाळूवर अंतर ठेवून धरला.

"पडलंय खाली आणि जाळता डोकं?" ती म्हणाली.

"विहिरीत बादली पडली तर दोर कुठून ओढतेस? वरूनच ना? गप बस."

रोज धग द्यायचं काम माझ्याकडे आलं. खाटेचे पायाकडचे खूर विटांवर चढवून तिला निजवायचं, कडू काढा पाजायचा आणि टाळू लाल होईपर्यंत वात धरायची. तो धूर माझ्या केसांतून जात नसे. पोटातलं बाळ त्या वासाने लाथा मारी. मला ते चांगलं लक्षण वाटत नव्हतं.

पडून राहणं मिळालं ते वैद्यांच्या एका थापेमुळे. त्यांनी खुआंगला सांगितलं, "हा आजार एकीचा दुसरीला लागतो. या बायकांना कामावर इतरांत मिसळू देऊ नका." खुआंगचं नुकतंच लग्न झालं होतं. तो घाबरला. दुखणाईत बायकांना त्याने रेशमाच्या किड्यांच्या रिकाम्या कोठीत ठेवलं. तिथे त्या ओळीने पडून असत, पाय वर, डोकी खाली. चिउलियानच्या थट्टा पुन्हा सुरू झाल्या. तिला बरं वाटू लागलं होतं. उभी राहिली तरी अंग आत राहत होतं.

मग वरून माणसं आली. खोटं पसरवून काम बंद पाडलं, असा वैद्यांवर ठपका आला. त्यांना नेलं तेव्हा आम्ही कोठीच्या दारात उभ्या होतो. त्यांनी चिउलियानकडे पाहिलं. "तुझं अर्धंच झालंय. आता ओझं उचललंस तर पुन्हा कुणाच्या हाताने वर जायचं नाही." एकाने त्यांना पुढे ढकललं. ते परत आले नाहीत, आणि त्यांचं काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

हिवाळ्यात धरणाचं काम निघालं. मला मुलगा होऊन आठवडाही झाला नव्हता. खुआंग दारात उभा. आत आला नाही.

"घरटी एक बाई. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चिउलियानकडे, मग जमिनीकडे. चिउलियान उठली आणि कमरेला फडकं करकचून आवळू लागली.

"ताई, नको. वैद्य काय म्हणाले होते—"

"मला म्हणाले होते. तुला कुठे काय म्हणाले?" तिने गाठ मारली. "निजून राहा. उठलीस तर तंगडी मोडीन."

नव्या वर्षाच्या सणाला ती परत आली. मी तिला बांधावरून येताना लांबून पाहिलं आणि बाळाला उराशी धरून आत वळले. चाल पाहूनच सगळं कळलं होतं. मी पुन्हा धग दिली, मुळं उकळली. आत ढकललेलं संध्याकाळपर्यंत बाहेर येई.

वैद्य नाहीत म्हटल्यावर बायका तिच्याकडे येऊ लागल्या, मागच्या दाराने. ती त्यांच्या टाळूवर वात धरायची. एकदा खुआंगची बायको आली. कोवळी पोर, नुकतंच पहिलं बाळंतपण झालेलं, आणि चाल तीच, पाय फाकवून. दारातच उभी राहून रडली.

"मला हाकलून द्याल ना?"

"बस खाली," चिउलियान म्हणाली. "केस बाजूला कर." बराच वेळ तिने वात धरली. मग म्हणाली, "मी वर ओढते. पण घरी गेलीस की तो तुला चिखलात उतरवणारच. आपल्या बायकोला सोडलं तर बाकीच्यांपुढे कुठल्या तोंडाने उभा राहील?"

लावणी आली. पहिल्या रांगेत खुआंगची बायकोच होती. मधूनच कंबर धरून उभी राहायची, आणि खुआंग बांधावरून दुसरीकडे बघायचा.

भुकेची वर्षं सरल्यावर सरकारी डॉक्टरणी आल्या. अंग बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी चिउलियानला आत रबराचं कडं बसवून दिलं. ते तिने म्हातारपणापर्यंत वागवलं. पुढे तिला मूल झालं नाही.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तिने मला महिनाभर खाटेखाली पाय ठेवू दिला नाही. पाण्यासाठी उठले तरी अंगावर धावून यायची. बाहेर कुणाची पावलं वाजली की हातातलं काम टाकून दाराशी जायची आणि ती पावलं दूर जाईपर्यंत दार अडवून उभी राहायची. बाळ रडलं तरी वळून बघायची नाही.