साहेबांचा अडखळणारा ट्रक

"एका वेळी एकच बदल, मॅडम," असं म्हणत ते उजव्या हाताचं एक बोट वर धरायचे. ते बोट खाली येईपर्यंत मी स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही, असा आमच्यातला अलिखित नियम होता. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचे साहेब म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. दोन पार्ट एकदम बदलणाऱ्या फिटरला ते तिथे काय बोलत असतील याची मला चांगली कल्पना आहे, कारण एकदा मी रॅम आणि केबल एकत्र बदलली होती.

माझं उल्हासनगरात कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गेमिंगचा पीसी घ्यायला कॉलेजची मुलं येतात, मागे वैतागलेले बाप. साहेब एकटेच आले, इस्त्रीच्या शर्टात, आणि ग्राफिक्स कार्ड हातात घेऊन त्याचे पंखे बोटाने फिरवून बघू लागले. नातवासाठी का, असं मी विचारलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला ट्रक चालवायचाय."

जन्मभर त्यांनी स्वतःची गाडी घेतली नव्हती, कंपनीची बस दाराशी यायची. रिटायर झाल्यावर हौस उफाळून आली. अंबरनाथच्या घरात डायनिंग टेबलाला चांगलं वजनदार स्टिअरिंग बसवलं, आणि रोज संध्याकाळी साहेब ट्रकच्या गेममध्ये परदेशातल्या घाटांतून माल पोचवू लागले. डावीकडच्या खुर्चीत काकू. मटार सोलता सोलता त्या बाहेर बघत बसायच्या आणि एखादं बरं गाव दिसलं की म्हणायच्या, "इथे थांबू या ना चहाला." साहेब खरंच ट्रक कडेला घ्यायचे आणि काकू आत जाऊन आधण ठेवायच्या. नवराबायकोच्या सहली तुम्हीही पुष्कळ पाहिल्या असतील. मला ही सगळ्यांत आवडायची, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

पहिली तक्रार दसऱ्यानंतर आली. चित्र रडतखडत चालतंय म्हणे. जाऊन बघते तर कॅबिनेटला हळदकुंकू, आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार. कारखान्यात मशीनची पूजा व्हायची तशी साहेबांनी घरी यथासांग केलेली. पण या मशीनला त्याच जाळीतून हवा घ्यायची होती. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंख्यांत बसलेल्या, आणि कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करत होतं. चिमट्याने एकेक पाकळी काढताना मला हसू आवरेना. साहेब मात्र गंभीर होते. आमच्या एवढाल्या मोटरा कधी हाराने बसल्या नाहीत, हे काय नाजूक प्रकरण दिलंत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हार जाळीवरून वर सरकवला, पण काढू काही दिला नाही.

दुसरी तक्रार उन्हाळ्याच्या तोंडावर. फोनवरचा आवाज जरा उतरलेला होता. ट्रक इथे असतो आणि एकदम पुढेच दिसतो, मधला रस्ताच गायब होतो, असं सांगत होते. मी जाऊन तापमान बघितलं तर कार्ड गार. मग सुरू झाली साहेबांची पद्धत. आधी कार्डाचं सॉफ्टवेअर नवं घातलं, मग परत जुनं. मग केबल, मग पॉवर सप्लाय, मग घरातल्या विजेचा दाबही मोजून झाला. प्रत्येक बदलानंतर साहेब घाटाची एक पूर्ण फेरी करणार, मी शेजारी बसणार आणि काकू मला पोहे खायला लावणार. दुकानातून दुसरं कार्ड नेऊन लावलं तरी तेच. माझ्या शेजारचा सिंधी दुकानदार रोज विचारायचा आणि रोज एकच सल्ला द्यायचा, "दीदी, पूरा सेट बदल डालो, काहे को टाइम खोटी करती हो?"

पण मीही हट्टाला पेटले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं येतायत त्याचा. कार्ड दमलं की तो घसरतो. साहेब "अडकलं" म्हणायचे, मी कोपऱ्यात बघायचे, आणि आकडा जिथल्या तिथे असायचा. मला काही सुचेनासं झालं.

आता बदलायचं काय राहिलं, याचा साहेबांनी बराच विचार केला. मग खुर्चीतून उठले आणि मला चालवायला सांगितलं. मी ट्रक वेडावाकडा हाणला, दोनदा शेतात घातला, पण चित्र कुठे अडकलं नाही. मग ते परत बसले. या वेळी मी आकड्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघत राहिले. वळण आलं. ट्रक सरळ जात राहिला, अगदी सुरळीत, आणि कठड्याला जाऊन घासला. साहेबांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते, डोळे उघडे होते, पण ते आमच्यात नव्हते. जरा वेळाने पापण्या हलल्या.

"बघा," ते मला म्हणाले, "अडकलं की नाही?"

मला सगळं दिसलं होतं. काकूंनी मटारांची परात खाली ठेवली.

"ट्रक नाही हो अडकत," त्या म्हणाल्या. "तुम्ही अडकता. परवा जेवताना घास हातात धरून बसला होतात."

साहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "म्हणजे मशीन ओके आहे," ते म्हणाले, आणि मला उगाच हेलपाटे पडले म्हणून माझी माफी मागितली.

तपासणीत साहेबांच्या डोक्यात गाठ निघाली. तिच्यामुळे मेंदू मधूनच काही क्षण बंद पडायचा. डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं, जागा वाईट होती. दुकानात मी रोज कुणाचं ना कुणाचं मशीन चालू करून देते. इथे पोह्याची बशी उचलून आत नेण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि त्याचा मला फार राग यायचा.

औषधांनी खंगल्यावर त्यांनी मला एकदा बोलावलं. सेटिंग कमी करून बघू, मशीनवर लोड कमी पडेल, म्हणाले. उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. तरी मी माऊस हातात घेतला. आधी सावल्या काढल्या, मग पाण्याची चमक, मग झाडं, मग लांबचे डोंगर. शेवटी नुसता करडा रस्ता उरला. साहेब थोडं अंतर चालवून म्हणाले, "आता बरं चाललंय." काकू शेजारून त्या ओसाड रस्त्याकडे बघत होत्या. परतताना रिक्षात मी रडले.

गणपतीच्या आधी साहेब गेले. दिवसपाणी उरकल्यावर काकूंचा फोन आला, "अगं, ती झाडं परत लावून देतेस का?"

मी गेले आणि सगळी सेटिंग्ज वर नेली. डोंगर आले, झाडं आली, खाली दरीत एक गावही दिसू लागलं. साहेबांनी शेवटी लावला होता तिथेच, एका वळणाशी ट्रक उभा होता, इंजिन चालू. चालवायला शिकवते म्हटलं तर काकू नको म्हणाल्या. त्या आपल्या डावीकडच्या खुर्चीत बसल्या. उजवीकडची मोकळीच राहिली. मागून एक गाडी आली आणि शेजारून निघून गेली, मग दुसरी. काकू जरा पुढे वाकल्या.

"आपल्यामुळे मागच्यांना अडत नाही ना गं?"

"नाही काकू," मी म्हटलं. "साहेबांनी चांगला कडेला घेऊन लावलाय."