चार ठोके गप्प

धुनेला प्रेरणा असावी लागते, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी विरारच्या एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये कळलं. तोवर तीस वर्षं मी आमच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतो. लग्नं, चर्चचे सण, विसर्जन, मयत. ही धून सुचली कशी, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बँड किती वाजता येणार आणि माणसं नाश्ता करून येणार की इथे करणार, एवढंच लोक विचारत.

प्रेरणेचं खूळ बँडच्या नव्या अध्यक्षांचं. गृहस्थ कुठल्याशा कंपनीतून निवृत्त होऊन विरारच्या त्या टॉवरमध्ये राहायला आलेले. आयुष्यात शिट्टीसुद्धा धड वाजवली नसेल, पण त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता आणि सभेत तासभर बोलायची तयारी होती. आमच्यातल्या कुणालाच सभेत बोलायचं नव्हतं, म्हणून ते अध्यक्ष झाले. बँड रस्त्यावरून उचलून हॉलमध्ये न्यायचा, खुर्च्यांवर बसून कॉन्सर्ट करायची, तीही फक्त आपल्या बँडच्या स्वतःच्या रचनांची, असं त्यांनी ठरवलं.

"सर, ऑडियन्सला स्टोरी पाहिजे," ते मला म्हणाले. "नुसतं वाजवून कोण ऐकतं आजकाल? प्रत्येक पीसच्या आधी त्याची इन्स्पिरेशन सांगायची. तुमचं मराठी एकदम प्युअर आहे. तुम्हीच लिहा, तुम्हीच वाचा."

मला त्यांची कीव आली. पण 'प्युअर' ऐकून बरंही वाटलं, हे लपवत नाही. बँडमधल्या बाकीच्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या तर घाम फुटतो. मी सरकारी कचेरीत आयुष्यभर मसुदे लिहिले आहेत.

पाच रचना होत्या. त्यातली एक अध्यक्षांच्या भाच्याची, कॉम्प्युटरवर केलेली. विषय राजोडीच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त. प्रेरणा म्हणून त्याने मला एक फोटो पाठवला. त्यात सूर्य कमी आणि तो स्वतः जास्त होता. लाटा म्हणून झांजा, वारा म्हणून पुन्हा झांजा. राजोडीच्या कोळणीने हे ऐकलं असतं तर टोपली उचलून घरी गेली असती.

उरलेल्या चार आमच्या मास्तरांच्या. मास्तरांनीच बँड उभा केला, गावातल्या दोन पिढ्यांना नोटेशन वाचायला शिकवलं. आता ऐंशी ओलांडलेले, फुंकायचं कधीच सुटलेलं, आगाशीच्या पलीकडे आपल्या घराच्या ओट्यावर बसून असतात. त्यांच्याकडे मी वही-पेन घेऊन गेलो.

"प्रेरना?" मास्तर म्हणाले. "कसली प्रेरना? सॅक्सोफोनची एक कळ अडकलेली. दुरुस्तीला मुंबईला न्यायला येळ नव्हता, लगीन दोन दिवसावर. म्हनून तो सूर टाळून मार्च बांदला. लिव."

दुसरी धून बुटकी का, तर त्या नवरीचं घर चर्चला लागूनच होतं, मिरवणूक सुरू होईतो संपायची. तिसरीत ट्रम्पेट खालच्या खालीच का फिरतो, तर ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दोन दात पडले होते. त्याला काढायचं कसं, चांगला माणूस. मग धूनच खाली उतरवली.

मी वही मिटली. असल्या गोष्टी माइकवर सांगायच्या? इतकी वर्षं ज्याला आपण कलावंत समजलो तो माणूस प्लंबरसारखा बोलतोय, असं माझ्या मनात आलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी असंच आलं.

राहिली चौथी. ती मास्तरांची सगळ्यात मोठी रचना, संथ मार्च. घरापासून चर्चपर्यंत मयतापुढे वाजवायचा. क्लॅरिनेट एक लांबलचक ओळ घेऊन चढत जातं, आता रडू फुटणार असं वाटतं, आणि तिथे अख्खा बँड थांबतो. चार ठोके सगळे गप्प. बेस ड्रमसुद्धा नाही. रस्त्यावर त्या चार ठोक्यांत फक्त चपलांचा आवाज येतो. मग क्लॅरिनेट पुन्हा उचलतं. मी बँडमध्ये आलो त्याच वर्षीची ही रचना, आणि त्यातलं क्लॅरिनेट पहिल्यापासून माझं. ज्यांच्या घरचं माणूस या धुनेवर गेलं, ते वर्षानुवर्षं त्या शांततेबद्दल बोलतात. मास्तर पुढे चालत असत. ती जागा आली की वळून डाव्या हाताचं एक बोट वर धरत आणि माझ्याकडे बघत. मी समजायचो, ते शांतता ऐकताहेत आणि ती कळणारा दुसरा माणूस म्हणून मला निवडलंय.

"आणि ही, मास्तर? ही शांतता कशी सुचली?"

मास्तरांनी अंगणातल्या केळींकडे तोंड वळवलं. "त्याचं तू लिव," ते म्हणाले. "तुला बरं लिव्हता येतं." मी उठलो तेव्हा पुन्हा म्हणाले, "ती गप्प बसायची रेस्ट आता काडलीत तरी चालंल."

म्हातारपण, मी मनात म्हटलं. स्वतःच्या कामाची किंमत राहिली नाही.

मग मी लिहिलं. 'मृत्यूच्या दारात शब्दच नव्हे, तर सूरही मुके होतात. या चार ठोक्यांत रचनाकाराने अनंताला वाट करून दिली आहे.' असं बरंच काही. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचलं आणि स्वतःवर खूश झालो.

पुढच्या रविवारी तालमीला अध्यक्ष घरची मंडळी घेऊन आले. मार्च त्या जागेवर थांबला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं. अध्यक्ष लगेच उठले. "सर, ही गॅप काढून टाकू या. लोक कन्फ्यूज होतात. किंवा तिथे कीबोर्डवर काहीतरी भरू."

माझं डोकं फिरलं. मयतापुढे ज्या शांततेत माणसं टोप्या काढतात, तिला हा मनुष्य गॅप म्हणतो! मी सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं. ज्यांना गप्प बसता येत नाही त्यांनी संगीतात पडू नये, म्हणालो. ते चार ठोके गेले तर माझं क्लॅरिनेटही गेलं, राजीनामा उद्या सकाळी मिळेल. ड्रमवाला हळूच म्हणाला, मास्तरांनाच विचारू या ना. मी त्यालाही झापलं. शेवटी अध्यक्षांनी माघार घेतली. मी इतक्या तोऱ्यात घरी गेलो, जणू वसईचा किल्ला सर केला होता.

कॉन्सर्टच्या आदल्या दिवशी अध्यक्षांना पडद्यावर दाखवायला मास्तरांच्या हस्ताक्षरातलं पान हवं होतं. मास्तरांच्या सुनेने जुन्या वह्यांची पिशवी पाठवली. मी ती घरी जेवणाच्या टेबलावर उघडली. संथ मार्च दोनदा लिहिलेला होता. आधीच्या वहीत शांतता नव्हती. क्लॅरिनेटची ओळ चढत जाऊन तशीच पलीकडे उतरत होती, न थांबता. नंतरच्या वहीत त्या जागी लाल शाईने चार ठोक्यांची रेस्ट घातलेली, वरपासून खालपर्यंत, सगळ्या वाद्यांना. बाजूला मास्तरांचं बारीक अक्षर होतं.

'क्लॅरिनेटला दम पुरत नाही. तो एकटाच थांबला तर लोकांना कळेल. इथे सगळ्यांनी थांबा.'

बँडमध्ये तेव्हा क्लॅरिनेट एकच होतं.

मला आठवलं. पहिल्या तालमींना ती ओळ माझ्याकडून टोकाला फाटायची. मी म्हणायचो, क्लॅरिनेटच्या तोंडातली रीड खराब आहे. मास्तर म्हणायचे, आसंल. त्यानंतर एके दिवशी नवीन कागद आले, आणि मला वाटलं, काय कल्पना सुचली या माणसाला! तीस वर्षं मी ती कल्पना लोकांना समजावून सांगत आलो. दात पडलेल्या ट्रम्पेटवाल्याची गोष्ट ऐकून नाक मुरडलं. आणि मास्तरांनी मला तोंडावर काही न सांगता ती शांतता माझ्याच हाती लिहायला दिली.

खरं सांगायला एक रात्र आणि एक दिवस हातात होता. मी काय केलं? पानाचा फोटो काढायचा होता, आणि मास्तरांची ती टीप पानाच्या मध्येच होती. मी तिच्यावर अंगठा ठेवला आणि फोटो काढून पाठवून दिला. इतक्या सफाईने केलं, की अध्यक्षांबद्दल वाईट बोलायचा माझा हक्क तिथेच संपायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मास्तर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बाजूला सून. चौथ्या रचनेच्या वेळी मी माइकपाशी गेलो आणि मागे पडदा उजळला. लोक हसले. मी वळून पाहिलं. मास्तरांच्या हस्ताक्षराच्या मधोमध माझा अंगठा, दरवाजाएवढा, नखातल्या मळासकट.

मास्तर हसत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. अंगठ्याखाली काय आहे हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं.

तेव्हाही कागद खिशात घालून खरं सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. मी घसा साफ केला आणि वाचलं, मृत्यूच्या दारात शब्दच नव्हे, तर सूरही मुके होतात. अनंतापर्यंत सगळं वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी अंगठा वर करून दाखवला.

मग मी जागेवर बसलो आणि मार्च सुरू झाला. आज थांबायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. बाकीचे थांबू देत, मी एकटा पलीकडे जाईन, म्हणजे मास्तरांना तरी दिसेल. ओळ चढू लागली. छाती भरली होती, बोटं बरोबर पडत होती. टोकाच्या दोन सूर आधी डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

मास्तरांनी डाव्या हाताचं बोट वर धरलं होतं.

बँड थांबला आणि मीही थांबलो. लोकांनी चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी तोंड उघडून श्वास घेतला.