भट्टीवरचा पस्तावलेला

ग्लिगोरने दारू सोडून बरीच वर्षं झाली होती, पण दारूने काही ग्लिगोरला सोडलं नव्हतं. दरवर्षी आलुबुखाराचा हंगाम सरला, परसातल्या पिंपांमधलं आंबवण फसफसायला लागलं, की लुंकेश्ती गावाच्या सामाईक भट्टीची किल्ली त्याच्या खिशात येऊन पडायची. मग बर्फ पडेपर्यंत तो अख्ख्या गावाची पालिंका, म्हणजे आलुबुखाराची दारू, गाळत बसायचा. स्वतः एक थेंब न चाखता.

गावाने हे काही त्याच्या पुण्याईकडे बघून केलं नव्हतं. आधीचे भट्टीवाले ‘जरा चव बघतो’ म्हणत दुसऱ्याच्या पहिल्या धारेची अर्धी बाटली रिचवायचे आणि दुपारनंतर त्यांना एका जाळाचे दोन जाळ दिसायचे. शेवटी ग्लिगोरचा मेव्हणा तोदेर म्हणाला, “शेळ्या राखायला लांडगाच ठेवायचा, तर दात पडलेला तरी ठेवा. आमचे दाजी पोकाईत झालेत ना, त्यांना बसवा.”

पोकाईत म्हणजे पस्तावलेला. मोठ्या देवळात जाणाऱ्या ऑर्थोडॉक्स गावाने बाप्तिस्त मंडळींना हे नाव ठेवलं होतं, आणि ते घेताना लोक असा चेहरा करायचे, की पस्तावणं हा खोकल्यासारखा घरादाराला लागणारा आजार आहे.

ग्लिगोर तयार झाला, त्याला एक कारण होतं. प्रभूचं वचन दुसऱ्याला सांगायचं, ही मंडळीतल्या प्रत्येकावरची जबाबदारी. पण सांगणार कुणाला? रस्त्यात पोकाईत दिसला की लोक पलीकडच्या कुंपणाला चिकटून चालायचे. भट्टीवर मात्र गोष्ट वेगळी. एक हंडा उतरायला अर्धा दिवस जातो आणि आपलं आंबवण परक्याच्या हाती सोडून उठण्याइतका मूर्ख माणूस लुंकेश्तीत अजून जन्मला नव्हता. म्हणजे ऐकणारा आयताच बाकाला बांधून दिलेला.

सुरुवातीला ग्लिगोर जोरात होता. जाळाकडे बोट दाखवून तो नरकाचं वर्णन करायचा. माणसं गंभीरपणे मान डोलवायची आणि नळीखाली पेला धरायची. मग त्याने नरक सोडला आणि प्रभूचे दाखले सांगायला घेतले. दाखल्यांना गर्दी होऊ लागली, पण ती नाटकाला होते तशी. नंतर नंतर तर त्याचं त्यालाच ऐकू यायचं, की आपण मागच्या वर्षीचंच वाक्य मागच्या वर्षीच्याच जागी थांबून बोलतोय. गुडघे ओल धरायचे, धुराने डोळे चुरचुरायचे. आणि इतक्या वर्षांत या बाकावरून उठून एक माणूस, एकसुद्धा, प्रार्थनाघरात आला नव्हता.

गुरुवारच्या प्रार्थनेनंतर साक्षी व्हायच्या. या आठवड्यात कुणी कुणाला वचन सांगितलं, ते उभं राहून सांगायचं. बंधू आव्राम मंडळीतले ज्येष्ठ. सरळ पाठीचे आणि त्याहून सरळ बोलण्याचे.

“बंधू ग्लिगोर, आपण?”

“भट्टीवर सांगितलं.”

“फळ काय?”

“आलुबुखार,” ग्लिगोर म्हणाला. हे त्याच्या तोंडून थकव्याने निसटलं होतं, पण मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या आणि आव्रामच्या कपाळावर जी आठी चढली, ती उतरलीच नाही.

पुढच्या गुरुवारी आव्राम उभे राहिले. शेजारच्या गावातले बंधू आपल्याला हसतात, म्हणाले. तुमचा माणूस सैतानाच्या स्वयंपाकघरात आचारी आहे, असं म्हणतात. तेव्हा बंधू ग्लिगोर यांनी ठरवावं. हात भट्टीवर राहणार असेल, तर तो प्रभुभोजनाच्या प्याल्याला लागू नये.

ग्लिगोरने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं. दुसऱ्याने आपल्या पाठीवरची मोळी उतरवली की माणूस आधी मोळीकडे नाही, पाठीकडे बघतो. त्याने किल्ली नेऊन पंचायतीत दिली आणि घरी येऊन दिवसाउजेडी झोपला.

“आता काय करणार?” फिरुत्साने, त्याच्या बायकोने, विचारलं.

“झोपणार.”

“आणि वचन कुणाला सांगणार?”

“तुला.”

“माझं पाठ झालंय,” फिरुत्सा म्हणाली आणि कोबी चिरायला बसली.

किल्ली मित्रूकडे गेली. मित्रू इतकी वर्षं स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला होता. नुकताच परतलेला, गावाची नस विसरलेला. पहिल्याच हंड्याला त्याने इतकी चव बघितली की तो बाकावर आडवा झाला, खाली जाळ तसाच भडकत राहिला आणि हंड्याच्या बुडाला आंबवण करपलं. त्या दिवशी अख्ख्या गावावर जळक्या मोरांब्याचा वास होता. पुढची पाळी तोदेरची. त्याची पिंपं उतू आलेली; आणखी आठवडा गेला, तर पालिंका राहो, गावाला लोणच्यासाठी सिरका वाटायची वेळ.

तोदेर बहिणीच्या दारात आला. फिरुत्साने त्याला फाटकातच अडवलं.

“दाजी कुठंयत?”

“झोपलेत. आणि येणार नाहीत. प्याला जाईल त्यांचा.”

“अगं, आम्ही त्यांना कुठला प्याला पाजतोय? एवढ्या वर्षांत आग्रह तरी केला का कधी?”

“तो प्याला नाही रे. जा आता.”

तोदेर गेला. पण त्याने विचार केला. बहीण ऐकत नाही, दाजी झोपलेत. म्हणजे वरच्या माणसाला गाठायला हवं. पोकाईतांचा वरचा माणूस कुठे भेटतो? त्यांच्या देवळात. कधी? रविवारी. कचेरीत जसं जातो तसं जायचं, बसायचं, पाळी आली की काम सांगायचं. ज्यांची ज्यांची पिंपं फसफसत होती त्या सगळ्यांना त्याने गोळा केलं.

त्या रविवारी पहिलं भजन संपत असताना प्रार्थनाघराचं दार उघडलं आणि दाढ्या केलेले, सणाचे कोट घातलेले सात बाप्ये टोप्या हातात घेऊन आत आले. आत उजवीकडे पुरुष बसतात, डावीकडे बायका. हे त्यांना कोण सांगणार? जागा डावीकडे दिसली, ते डावीकडे बसले. डोक्याला रुमाल बांधलेल्या बहिणी कोंबड्यांसारख्या आक्रसून भिंतीला सरकल्या. फिरुत्साने आपला रुमाल भुवयांपर्यंत ओढला.

व्यासपीठावर पाळक बेन्यामिन होते. तरुण, ओरादेआ शहरातून शिकून आलेले, गावात वर्ष झालेलं. त्यांनी त्या सातांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. समोरचे कागद त्यांनी मिटून ठेवले. मग ते उधळ्या पुत्रावर बोलले, हरवलेल्या मेंढरावर बोलले, हरवलेल्या नाण्यावर बोलले. हरवलेलं म्हणून जे जे आठवलं ते सगळं त्यांनी काढलं. ग्लिगोर पुरुषांच्या पहिल्या बाकावर बसला होता. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी गुडघे झिजवले ती माणसं आज छताखाली होती. आणि ती कशासाठी आलीत, हे मंडळीत फक्त त्याला आणि फिरुत्साला कळलं होतं. आनंद करावा, तर तो चोरीचा. सांगून टाकावं, तर त्या पोरसवदा पाळकाचा आसवांनी भिजलेला चेहरा बघवत नव्हता.

“आज कुणाच्या मनात काही असेल,” पाळक म्हणाले, “तर त्यानं उभं राहावं.”

तोदेरला वाटलं, पाळी आली. तो उभा राहिला.

“आम्ही दाजींना न्यायला आलोय,” तो म्हणाला. “ग्लिगोरला. पिंपं उतू चाललीत.”

कुणी हसलं नाही. एक म्हातारी बहीण तेवढी ‘प्रभू, दया कर’ म्हणाली.

“सैतानाच्या भट्टीवर न्यायला?” आव्रामनी विचारलं.

“सैतानाची कशाला? पंचायतीची आहे,” तोदेर म्हणाला. “रंगसुद्धा त्यांनीच दिलाय.”

पाळकांनी पुस्तकाच्या कडा धरून ठेवल्या होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, “तिथं हे बंधू तुम्हाला काय सांगतात?”

“काय काय सांगतात,” तोदेर म्हणाला. “पण दाखल्यातला तो मळेवाला मला आजही पटत नाही. सकाळी कामाला लावलेल्याला दिवसाचा रोज आणि सूर्य बुडायला टेकला तेव्हा आलेल्यालाही तेवढाच? दरवर्षी सांगतो दाजींना, हा मालक चुकला.”

“पैसा त्याचा आहे, कुणालाही देईल,” शेजारचा म्हणाला.

“तू गप्प बस. तुला उशिरा जायची सवय आहे म्हणून पटतं.”

“ठरलं होतं तेवढं सकाळच्यांना दिलं की त्यानं,” तिसरा बसल्या जागेवरून म्हणाला. “मग तुझं काय गेलं?”

“माझी पाठ गेली. उन्हात मी होतो ना.”

आव्रामनी हातातली काठी जमिनीवर आपटली, तेव्हा ते थांबले. कधी नव्हे ते तिघेही ओशाळले. ग्लिगोर समोरच्या भिंतीकडे बघत होता. यांनी ऐकलं होतं तर. पेला धरलेल्या हाताकडे बघत बघत ऐकलं होतं, घरी नेलं होतं आणि वर्षभर त्यावर भांडत होते. त्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो एवढाच, की आणखी दमल्यासारखं वाटलं. लांबून चालत आलेल्याला घर दिसल्यावर वाटतं तसं.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा दिवस होता. मेजावरचं पांढरं कापड उचललं गेलं. भाकरी फिरली, तेव्हा ग्लिगोरच्या हातातून ती तुकडा न मोडताच शेजाऱ्याकडे गेली; कुणाच्या लक्षात आलं असेल, नसेल. मग आव्राम स्वतः प्याला घेऊन आले. भट्टी सुटल्याला तीन आठवडे झाले होते, म्हणजे प्याल्यावर ग्लिगोरचा हक्क होता. त्यांनी तो त्याच्यासमोर धरला आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. उलट ‘घे बाबा’ असंच काहीतरी होतं. ते पाहून ग्लिगोरला फार जड गेलं.

आता पिऊन उद्या किल्ली उचलणं त्याला जमणारं नव्हतं. तोंड पुसून खोटं बोलण्यासारखंच ते. त्याने प्याला दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर धरला आणि न पिता शेजाऱ्याच्या हातात दिला.

बाहेर पडताना ग्लिगोरने आव्रामना नेहमीसारखं ‘शांती’ म्हटलं. त्यांनी टोपी नीट केली.

सोमवारी सकाळी भट्टी पेटली. मित्रूला हाकलायचं सगळ्यांचं ठरलं होतं, पण ग्लिगोरने त्याला लाकडं फोडायला ठेवून घेतलं. हंड्याचं बूड घासून लखलखीत झालं, तोदेरचं आंबवण ओतलं गेलं. झाकणाच्या फटी कणकेने लिंपल्या. मग वाट बघणं. पावसाळी, चिकट सकाळ होती.

“दाजी,” बऱ्याच वेळाने तोदेर म्हणाला, “काल तुम्हाला दिलं नाही का त्यांनी?”

“दिलं होतं. मीच नाही घेतलं.”

“का?”

ग्लिगोरने हंड्याकडे मान वळवली. तोदेरने हंड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पुढच्या महिन्यात देतील?”

“माहीत नाही.”

नळीतून धार लागली. पहिले थेंब ग्लिगोरने जाळावर उडवले, निळी ज्योत पाहिली आणि पेला खाली सरकवला. पहिला पेला मालकाचा, हा रिवाज. तोदेरने तो हातात घेतला आणि तसाच धरून बसला. कोमट पेल्यावरची वाफ गेली, तरी धरून बसला.

“सांगा आता,” तो म्हणाला. “तुमच्या त्या मळेवाल्याचं. आज नाही भांडत.”

“आज नको रे,” ग्लिगोर म्हणाला. “दमलोय. खरंच दमलोय.”

“कसला मळेवाला?” लाकडं घेऊन आलेल्या मित्रूने विचारलं. “ज्यावरून काल देवळात भांडलात, तो?”

“तुला माहीत नाही?” तोदेरला मनापासून धक्का बसला. “अरे, सगळ्या गावाला माहीत आहे. बस इथं. एक बागवाला होता. आलुबुखाराची बाग.”

द्राक्षांचा मळा होता, ग्लिगोरच्या ओठांवर आलं.

“तर तो पहाटेच चौकात गेला,” तोदेर सांगू लागला, “आणि माझ्यासारखी कष्टाळू माणसं उचलली. रोज ठरवला. न्याहारीच्या वेळी पुन्हा गेला, तिथं आणखी काही रिकामटेकडी उभी होती. त्यांनाही घेतलं. देव जाणे एवढी फळं कुठून आणली त्यानं. आणि संध्याकाळी, पार संध्याकाळी, कोण आलं असेल? स्पेनहून परतलेले. तुझ्यासारखे.”

“मग? त्यांना काय दिलं?” मित्रूने विचारलं.

“थांब ना. अजून दुपारच आहे.”

ग्लिगोरने पाठ उबदार भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. गोष्टीत बरंच काही चुकत होतं. मालकाच्या तोंडी तोदेरने दोन शिव्या घातल्या होत्या आणि कारभाऱ्याचं नाव आव्राम ठेवलं होतं. जाळही जरा मंद झाला होता, उठून एक ओंडका सारायला हवा होता. पण ती शेवटची माणसं अजून बागेत पोचायची होती. तेवढं होऊ दे, त्याला वाटलं, मग उठतो.