ग्रेसीमावशीचे शनिवार

ग्रेसीमावशी गेली तेव्हा आम्ही ढोल वाजवत होतो.

शनिवारची सकाळ. सगळ्यांचे फोन बॅगांमध्ये. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

प्रॅक्टिस संपल्यावर बघितलं, तर डॅनिएलाचे मिस्ड कॉल. डॅनिएला म्हणजे मावशीची नात. कॉल बॅक केला. तिने एवढंच सांगितलं, "शी इज गॉन."

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ग्रेसीमावशी, म्हणजे ग्रेसिएला, इथे अ‍ॅरिझोनात आमच्या चँडलरमधल्या एका मिडल स्कूलमध्ये कामाला होती. मेक्सिकन आईबाप शाळेत यायला बिचकतात, त्यांना हाताला धरून आणायचं, ही तिची नोकरी.

शनिवारचा क्लास तिच्याच डोक्यातून निघाला. शाळा पुस्तकं देणार, चर्च हॉल देणार, मुलांच्या आया खाऊ आणणार, आणि आमचं मराठी मंडळ गणित शिकवायला माणसं देणार.

आम्ही काय, सगळे चिप बनवणारे इंजिनिअर. गणित म्हणजे आमच्या घरचंच कार्य, असा थाट.

मावशी क्लासभर दारात उभी असायची. प्रत्येक मुलाला नावाने हाक. उशिरा आलेल्याची आधी आईची चौकशी, मग कानउघाडणी.

मी म्हणायचे, अगं मावशी, बस ना जरा.

"सगळे आले की बसते."

कधी बसलेली आठवत नाही मला.

डॅनिएला तेव्हा सातवीत होती. पोरगी हुशार. हिला पूल बांधायचे होते. त्यासाठी आठवीत अल्जेब्रा मिळायला हवा, मग हायस्कूलची वरची गणितं, मग इंजिनिअरिंग. आपल्या पोरांच्या बाबतीत हे आपल्याला बालवाडीपासून पाठ असतं. त्या घरांत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेत ती थोडक्या मार्कांनी हुकली. शाळा उघडल्यावर अजून एक चान्स होता. मावशी म्हणाली, आता फक्त हे थोडे शनिवार नीट करू या.

आणि आमचे गणपती आले.

इथे अ‍ॅरिझोनात शाळा भर उन्हाळ्यातच उघडतात, आणि नेमकी तेव्हाच आमची ढोलाची प्रॅक्टिस. तीही शनिवारी सकाळी. मग काय, क्लास कॅन्सल केला. गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर नवरात्र, नवरात्रानंतर दिवाळीचा कार्यक्रम. आपल्याला माहितीये आपलं.

मावशी चिडली नाही. तिने तोडगा आणला. आधी क्लास घ्या, मग आमच्याच हॉलमध्ये वाजवा. एसी आहे, पार्किंग आहे. फादरना विचारून झालंय. आमच्या लोकांना ढोल आवडेल, आणि मुलांनाही कळेल तुमचा देव कसा येतो ते.

यापेक्षा कुणी किती जवळ यावं?

मीटिंगमध्ये विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "तिकडे? एरिया सेफ आहे का पण?"

झालं. विषय संपला. हात वर झाले, जायचं नाही असंच ठरलं.

मी भांड भांड भांडले. आणि भांडून झाल्यावर प्रॅक्टिसला गेले, कारण मला ढोल वाजवायचाच होता.

मावशीला जाऊन मीच सांगितलं. ती म्हणाली, "नो पासा नाडा." म्हणजे काही बिघडत नाही.

बिघडलं होतं. आम्ही येणार म्हणून मुलांच्या आयांनी तमाले करून ठेवले होते. मक्याच्या पानात वाफवलेले, आत राजमा भरलेले. आमच्यात शाकाहारी आहेत असं मी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, ते लक्षात ठेवून. मावशीने सगळा डबा माझ्या हातात दिला. प्रॅक्टिसला नेला. दोन मिनिटांत फस्त झाला, वर लोकांनी रेसिपी मागितली.

डॅनिएलाचा अल्जेब्रा पुन्हा हुकला.

दिवाळीनंतर आम्ही उगवलो, तर हॉल निम्मा रिकामा. आमचे अध्यक्ष मला मराठीत म्हणाले, "या लोकांना शिक्षणाची पडलेलीच नाही गं." मावशी शेजारीच उभी होती, त्यांच्या कपात कॉफी ओतत.

त्यानंतर दर वर्षी हेच. उन्हाळ्यात आम्ही गायब, थंडीत हजर. या वर्षीही.

काल चर्चमध्ये प्रार्थना होती. डॅनिएला आता एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कला आहे. संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजला जाते. अल्जेब्रा आत्ता करतेय, यार. आत्ता.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्हाला माहितीये ना, तुम्ही यायचा नाहीत तेव्हाही आजी हॉल उघडायची? एव्हरी सॅटर्डे."

मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच नव्हतं.

मुलं येऊन बसायची. तासभर वाट बघून घरी जायची. पुढच्या शनिवारी त्याहून कमी. मावशी दारात उभी. कुणी कुरकुर केली तर सांगायची, त्यांच्या देवाचा सण आहे, झाला की येतील.

आमची बाजू घेत होती गं ती.

सगळे आले की बसते म्हणायची. त्या सगळ्यांत आम्हीही होतो, हे मला काल कळलं.

निघताना डॅनिएलाने विचारलं, "या शनिवारी क्लास आहे का?" कुत्सितपणे नाही. खरंच माहीत नव्हतं तिला.

मी हो म्हटलं.

आज ग्रुपवर लिहिलंय की प्रॅक्टिसला येत नाही. माझा ढोल गॅरेजमध्ये आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. अजून कुणाचं उत्तर नाही. अध्यक्षांनी नमस्काराचा इमोजी टाकलाय.

किती मुलं येतील, माहीत नाही. कदाचित एकही नाही. एवढी वर्षं वाट बघायला लावल्यावर का यावं त्यांनी?

ग्रेसीमावशी, फार उशीर केला गं आम्ही.

शनिवारी दारात मी उभी राहते.

तू बस आता.