लग्नाच्या कॅसेटीवरचा चष्मेवाला

राजशेखर हा अमृतरावांचा सख्खा धाकटा भाऊ. अमृतराव हे नातं आधीच सांगून टाकतात; मागून कळलं की माणसं "हा तुमचाच का?" म्हणून हसतात.

जळकोटात सातवी शिकलेल्या अमृतरावांनी दुकान उभं केलं, माडी बांधली, ह्या भावाला नांदेडात ठेवून बी.ए. केला. आन् बी.ए. होऊन त्यानं काय केलं? दर आठवड्याला टीव्हीवर एक चष्मेवाला यायचा, नव्या पिक्चरांची चिरफाड करायचा. तेवढा कार्यक्रम हा कॅसेटीवर भरून ठेवायचा. पिक्चर एक बी बघायचा न्हाई. चष्मेवाल्याची मतं पाठ करायची आन् पानटपरीवर सोताची म्हणून थुकायची. "पटकथा सैल हाय," म्हणायचा. सोताच्या विजारीची नाडी आवळता येत न्हाई, अन् हा पटकथा आवळायला निघाला.

औंदा अमृतरावांच्या लेकीचं, वर्षाराणीचं लग्न ठरलं. तिच्या जन्माआधीच आजी, म्हंजे अमृतरावांची आई गंगम्मा, गेलेली. ती चालती-बोलती एकाच ठिकाणी व्हती, अमृतरावांच्या लग्नाच्या कॅसेटीत. पोरीनं हट्ट धरला, आजी दाखवा. ती कॅसेट राजशेखरनं कवाची 'बघून देतो' म्हणून नेलेली. अमृतराव नांदेड गाठून त्याला कॅसेटीसकट निवृत्तीच्या दुकानात घेऊन गेले. जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून देणारा तेवढाच एक उरलाय.

कॅसेट लावली. वऱ्हाड न्हाई, अक्षता न्हाईत. चष्मेवाला बसलेला.

निवृत्तीनं कॅसेट काढून दाखवली. लग्न पुसलं जाऊ नये म्हणून शूटिंगवाल्यानं मागची पट्टी मोडून भोक ठेवलेलं, म्हंजे वरून काय भरता येत न्हाई. त्या भोकावर राजशेखरनं चिकटपट्टी लावून वरून आपलं भरलेलं.

"अण्णा, तवा कोरी कॅसेट लई महाग व्हती," राजशेखर म्हणला.

"आन् आई स्वस्त व्हती का रे?"

कॅसेट परत सुरू झाली, तर राजशेखर पडद्याकडं बघून चष्मेवाल्याच्या आधी त्याची वाक्यं पुटपुटून राहिला. अमृतराव उठले. तेवढ्यात चष्मेवाला गेला आन् हळदीतली गंगम्मा आली. पदर खोचून कुणाला तरी हाका मारून राहिलेली. लगेच परत चष्मेवाला.

राजशेखरनं मग खुलासा केला. दोन भागांच्या मधी तो कॅसेट जराशी पुढं पळवायचा, दोन वावरांच्या मधी धुऱ्याची मोकळी जागा सोडतात तशी. बापाच्या वावरात तेवढंच शिकलेला. त्या धुऱ्यांवर जुनं लग्न तसंच राहिलं.

अमृतराव खाली बसले. पार शेवटापस्तोर बघितलं. आई अशी पाच-सहा जागी भेटली. एकदा तर सरळ क्यामेऱ्याकडं बघून "जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणली.

आईचे तेवढे तुकडे उतरव, बाकी कचरा, असं त्यांनी निवृत्तीला सांगितलं. परीक्षणं बी उतरवा, परत मिळायची न्हाईत, म्हणून राजशेखर गयावया करून राहिला. अमृतरावांनी निवृत्तीच्या हातावर तुकड्यांपुरतेच पैसे ठेवले. परतीच्या एसटीतच त्यांनी तुकडे घरच्या ग्रुपवर टाकले. लातूरची आत्या रडली, उदगीरचे मामा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर राजशेखरचा मेसेज आला. क्यामेरा हलतोय, उजेड कमी हाय, प्रसंग तुटक वाटतात. ग्रुप अमृतरावांनीच काढलेला. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी धाकट्याला त्यातून काढून टाकलं, मग लेकीला हाक मारून म्हणले, आजी परत लाव.