आरशाच्या कोपऱ्यातला ओरखडा

माझ्या तर्जनीत एक पिवळ्या खड्याची अंगठी आहे. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा ज्योतिषांनी मला पुष्कराज घालायला सांगितला. आमचे हे तेव्हा अंबरनाथला कारखान्यात. बोनस हातात पडला तसे सुट्टीच्या दिवशी एकटेच उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पाच्या बाजारात गेले आणि अंगठी घेऊन आले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण हिऱ्याची अंगठी मिरवणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी माझी अंगठी खिडकीच्या उजेडात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि म्हणाल्या, "काच आहे गं ही. भावजींना काय, कोणीही गुंडाळावं."

सगळे हसले. हेही हसले, मीही हसले. पण ते आत कुठेतरी रुतलं ते रुतलंच. त्यानंतर प्रत्येक गौरी-गणपतीत जाऊबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, काच बरी आहे ना?"

हे होते तोवर मी खडा कुणाला तपासायला दिला नाही, आणि हे गेल्यावर तर नाहीच नाही. काच निघाली तर माझा माणूस फसला होता असं होणार. मग रागवायचं कुणावर? भिंतीवरच्या फोटोवर?

पण नातीपुढे कुणाचं चालतं? आम्ही आता बदलापूरला कात्रपात राहतो. नात आठवीत आहे. तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, दगडांचा कठीणपणा मोजायचा. मी म्हटलं, "मोजायचा कसा? वजनकाट्यावर?"

"नाही गं आजी. ओरखडा काढायचा. जो दुसऱ्याला ओरखडा पाडतो तो जास्त कठीण. फोडायचं नाही हं, हातोडीने तर हिऱ्याचेही तुकडे होतात." मग तिने मला दहा जणांची रांग सांगितली. एक नंबरला शंखजिरं, नखानेसुद्धा खरवडतं. तीनवाल्याला तांब्याचं नाणं ओरखडतं. काच साडेपाचच्या आसपास, पोलादी दाभण साडेसहाच्या. सातला गार म्हणजे आपली गारगोटी, आठला पुष्कराज, नऊला कुरुंद आणि दहाला हिरा. पण हे नंबर म्हणजे नुसती रांग, दोघांतलं अंतर सारखं नाही. नऊ आणि दहाच्या मध्ये केवढी तरी दरी आहे म्हणे. मी म्हटलं, "कळलं. मी धाकटी जाऊ, त्या थोरल्या. एकाच नंबराचा फरक, पण कठीणपणा बघ!"

ती हसली आणि तिची नजर माझ्या बोटाकडे गेली. "आजी, हा पुष्कराज ना? मग आठ नंबर तर घरातच आहे!"

मी हात पदराखाली घेतला. पण मग वाटलं, माझं वय झालं. ही अंगठी पुढे हिलाच द्यायची. देताना काय म्हणून देऊ? साबण लावून अंगठी काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने खड्याच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, दाभणाचं टोक दाबून ओढलं. काळसर रेघ उमटली.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "आजी, ओरखडा पडला. म्हणजे हा काच..." जाऊबाईच खऱ्या, असंच आलं मनात.

खड्याकडे बघत बसले आणि एकदम माझं माहेर आठवलं. माझं माहेर अंबरनाथजवळ मोरिवलीचं. कारखाने वाढायच्या आधी आमची भातशेती होती तिथे. कापणीच्या दिवसांत आई बांधावरच्या दगडावर विळा घासायची, आणि त्या दगडावर अशाच काळ्या रेघा उठायच्या. लहानपणी मला वाटायचं, विळ्याने दगड कापला. आई ओल्या अंगठ्याने पुसून दाखवायची. रेघ गायब! झिजायचं ते लोखंड, दगडाला काही नाही.

मी अंगठा जिभेला लावला आणि खडा पुसला. रेघ गेली. नखाने चाचपलं, खाच नाही. नातीने पुन्हा पुसून बघितलं आणि ओरडलीच, "आजी, दाभणच झिजलं!" मग तिने खड्याची कड लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर ओढली. कर्रकन आवाज आला आणि काचेवर पांढरा ओरखडा उठला. पुसला, तरी गेला नाही.

तो ओरखडा बघून मी उठलेच. आमच्या कपाटाचा आरसा जुना, चाळीतून इथे आलेला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात असाच एक ओरखडा आहे. अंगठी आली त्याच आठवड्यात मला तो दिसला होता आणि मी पोराला, म्हणजे हिच्या बापाला, धपाटा घातला होता. तो रडून सांगत होता, मी नाही केलं. हे मध्ये पडले. म्हणाले, "मारू नको त्याला, काच जुनी झाली आता." आणि संध्याकाळी पोरासाठी जिलबी आणली. मला वाटलं, बापाचे लाड.

आता कळलं. जाऊबाईंचं बोलणं यांनाही रुतलं होतं. माझ्या डोळ्याआड अंगठी घेऊन आरशावर ओढून बघितली असणार. खात्री झाली आणि गप्प बसले. सांगणार कसे? सांगितलं तर आपल्याला शंका आली होती हेही सांगावं लागलं असतं. आणि धपाटा खाल्लेला पोरगा समोर उभा!

नातीने मग बारवी धरणाजवळच्या ओढ्यातून आणलेली गारगोटी खड्याला घासली. ना हिचा त्याच्यावर ओरखडा, ना त्याचा हिच्यावर. खरा पुष्कराज असता तर गारगोटीला चरा पडला असता. म्हणजे हीसुद्धा गारच, पिवळी. बाजारात 'सुनेला' या नावाने मिळते ती. परवडत नसेल तर पुष्कराजाच्या जागी घालतात. आठ नाही, सात. हे फसले असतील तर एवढ्या एका नंबराने, आणि तो आरशावर कळण्यासारखाच नव्हता.

मी तिथल्या तिथे जाऊबाईंना फोन लावला. "जाऊबाई, काच नाही! यांनी तेव्हाच कपाटाच्या आरशावर ओढून बघितली होती, ओरखडा अजून आहे."

"म्हणजे पुष्कराज?"

"तोही नाही. गार आहे."

"बघ, मी म्हणतच होते!"

"तुम्ही काच म्हणत होता. तुमची हिऱ्याची अंगठी घेऊन या रविवारी. नात तपासून देते."

पलीकडे बांगड्या वाजल्या, अंगठी ओढून बघत असाव्यात.

"माझी बोटातून निघत नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "पण रविवारी येते. तो आरसा बघायचाय मला."